चारचौघांतली भीती

हातखंब्याच्या तिठ्यावर प्रत्येक एसटी थांबते. उतरणारे पाच-पंचवीस असतात, कंडक्टरला कोणी काही सांगावे लागत नाही. प्रश्न येतो तो तिठा सोडून पुढे, पालीच्या दिशेला, एखाद्या वाडीच्या फाट्यावर उतरायचे असेल तेव्हा. तिथे गाडी आपोआप थांबत नाही. 'मास्तर, जरा फाट्यावर थांबवा' असे सगळ्या गाडीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणावे लागते. माझ्याकडे येणारा एक तरुण हे एक वाक्य टाळण्यासाठी रोज तिठ्यावरच उतरायचा आणि उरलेले अंतर महामार्गाच्या कडेने चालत जायचा. पावसाळ्यात, अंधार पडल्यावर, अंगावर चिखल उडवत जाणाऱ्या ट्रकांच्या बाजूने. घरी सांगायचा, दिवसभर उभे राहून पाय आखडतात, चालले की मोकळे होतात.

(ओळख पटू नये म्हणून या लेखातले तपशील बदललेले आहेत आणि दोन-तीन जणांच्या हकीकती एकत्र केल्या आहेत.)

हा तरुण 'मला लोकांची भीती वाटते' असे सांगत आला नव्हता. तसे सांगत कोणीच येत नाही. तो आला होता पोटाची तक्रार घेऊन. कामावर जायच्या आधी पोटात कालवाकालव, दोन-तीनदा शौचाला जावे लागणे, छातीत धडधड, तळहातांना घाम. ईसीजी काढून झाला होता, थायरॉइड तपासून झाले होते, एका ठिकाणी दुर्बिणीतून जठरही पाहून झाले होते. सगळे नॉर्मल. फाइल जाड झाली होती आणि प्रत्येक नॉर्मल रिपोर्टगणिक तो अधिकच ओशाळत होता. रविवारी पोट कसे असते, असे विचारल्यावर तो थोडा थांबला. रविवारी काही होत नव्हते. मग हळूहळू बाकीचे बाहेर आले. सुपरवायझरची जागा देऊ केली होती, ती त्याने नाकारली होती, कारण सुपरवायझरला रोज सकाळी सगळ्या कामगारांसमोर उभे राहून कामाची वाटणी सांगावी लागते. पगारातला फरक लहान नव्हता. घरी त्याने तेही सांगितले नव्हते.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. पण हा आजार आधी आमच्याकडेच येतो, कारण तो हृदय, पोट आणि घाम यांच्या भाषेत बोलतो. वैद्यकीय पुस्तकांत त्याला सोशल अँग्झायटी डिसऑर्डर म्हणतात, पूर्वी सोशल फोबिया म्हणत. मराठीत 'सामाजिक भयगंड' असा शब्द आहे, पण तो बोलण्यात कोणी वापरत नाही. बोलण्यातले शब्द वेगळेच आहेत आणि ते भरपूर आहेत: बुजरा, भिडस्त, लाजाळू, मुखदुर्बळ, घुमा. यांतला प्रत्येक शब्द स्वभावाचे वर्णन करतो, आजाराचे नाही. त्याहून वाईट म्हणजे 'शिष्ट' आणि 'माणूसघाणा'. लग्नात कोपऱ्यात उभा राहणारा, ओळखीचे कोणी समोरून आले की रस्ता बदलणारा माणूस लोकांना गर्विष्ठ वाटतो. खरे तर त्याला माणसांची घाण वाटत नसते. माणसे हवी असतात, पण त्यांच्या नजरेखाली उभे राहवत नसते.

मग लाजाळूपणा आणि आजार यांत फरक काय? लाजणे हा आजार नाही आणि प्रत्येक अबोल मुलाला धरून डॉक्टरकडे नेण्याची काहीही गरज नाही. पुष्कळ माणसे मितभाषी असतात, एकटी सुखात राहतात, वेळ आली की चार शब्द बोलून मोकळी होतात. डॉक्टर पाहतात ती गोष्ट वेगळी. आपण काहीतरी चुकीचे बोलू, थरथरू, लाल होऊ आणि लोक हसतील, ही भीती प्रसंगाच्या मानाने फारच मोठी आहे का. ती सहा महिन्यांहून अधिक काळ टिकून आहे का. आणि तिच्यामुळे माणूस शिक्षण, नोकरी, नाती यांतले काही सोडून देतो आहे का. शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भीती किती वाटते हे मोजता येत नाही. भीतीपायी काय काय सोडले, हे मात्र विचारता येते.

या आजाराची वैद्यकशास्त्राने दखल घेतली ती तशी उशिराच. फ्रान्समधील मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १९०३ साली अशा रुग्णांचे वर्णन केले होते. १९६०च्या दशकात लंडनचे आयझॅक मार्क्स यांनी ही भीती इतर भयगंडांपासून वेगळी काढली आणि अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत तिला स्वतंत्र जागा मिळाली ती १९८० साली. त्यानंतरच्या अमेरिकेतील मोठ्या पाहण्यांत कोणत्याही एका वर्षात १०० प्रौढांपैकी सुमारे सात जणांना हा त्रास असल्याचे आढळले. सुरुवात साधारण तेराव्या वर्षाच्या आसपास होते, म्हणजे सातवी-आठवीत. याच वयात मुलांना पहिल्यांदा कळायला लागते की आपल्याकडे कोणीतरी पाहते आहे. आणि आपल्याकडे याच वयात गप्प मुलाला शाबासकी मिळते. दंगा करणाऱ्या मुलाच्या पालकांना शाळेत बोलावले जाते; जो तोंडातून शब्द काढत नाही त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'वर्तणूक उत्तम' असा शेरा पडतो.

शरीरात काय होते, ते समजायला सोपे आहे. वाटेत साप दिसला की मेंदूतील भीतीचे केंद्र जागे होते, अॅड्रिनलिन सुटते, हृदय जोरात धावते, घाम येतो, तोंडाला कोरड पडते, पोटातले रक्त स्नायूंकडे जाते. पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी ही उत्तम तयारी आहे. या माणसांत हीच तयारी बँकेतल्या खिडकीसमोर होते. पळायचे कुठे? लढायचे कोणाशी? हातातले पेन थरथरते, सही बिघडते आणि कारकून म्हणतो, 'सही जुळत नाही, पुन्हा करा.' पुन्हा करताना ती आणखी बिघडते. सहीच्या भीतीने वर्षानुवर्षे बँकेत न गेलेले, सगळे व्यवहार भावाकरवी करणारे लोक आहेत. त्यांच्या हातात काही दोष नसतो. घरी एकटे बसले की त्यांचे अक्षर मोत्याचे असते.

मनात जे होते ते अधिक गुंतागुंतीचे आहे. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या इंग्लंडमधील दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली त्याची मांडणी केली आणि आजची उपचारपद्धती बरीचशी त्यावर उभी आहे. त्यांचे म्हणणे असे, की अशा प्रसंगी माणसाचे लक्ष समोरच्यावरून उडते आणि सगळे स्वतःवर येऊन बसते. जणू छताला एक कॅमेरा लावला आहे आणि तो त्यातून स्वतःलाच पाहतो आहे. आतली धडधड इतकी मोठी वाटते की ती बाहेर सर्वांना दिसतच असणार, अशी त्याची खात्री होते. समोरचा माणूस खरोखर काय करतो आहे, हसतो आहे की जांभई देतो आहे की स्वतःच्याच विचारात आहे, हे त्याला दिसतच नाही. त्यामुळे भीती खोटी ठरण्याची संधीच येत नाही.

यावर एक गमतीदार प्रयोग अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात झाला आणि २००० साली प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला एका गायकाचे चित्र असलेला, तरुणांमध्ये अगदी हास्यास्पद समजला जाणारा टी-शर्ट घालायला लावायचा आणि इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचे. मग विचारायचे, तुझा शर्ट किती जणांच्या लक्षात आला असेल? शर्ट घालणाऱ्यांचा अंदाज होता, जवळजवळ निम्म्यांच्या. प्रत्यक्षात तो लक्षात आला होता सुमारे पाव लोकांच्या. आणि हे सर्वसाधारण विद्यार्थी होते, आजारी नव्हेत. आपल्या सगळ्यांनाच वाटते की उजेडाचा झोत आपल्यावर आहे. ज्याला हा आजार आहे त्याच्यासाठी तो झोत कधी विझत नाही, इतकेच.

त्यातून बचावाच्या युक्त्या जन्माला येतात. गर्दीत मोबाइलमध्ये डोके घालणे, बोलायचे वाक्य मनात दहा वेळा घोकणे, कप थरथरताना दिसू नये म्हणून अर्धाच चहा घेणे, घाम दिसू नये म्हणून उन्हाळ्यातही गडद शर्ट घालणे. करोना संपला तरी काहींनी मास्क सोडला नाही. धुळीची अॅलर्जी असल्याचे सांगत, पण खरे कारण चेहरा झाकला जातो हे होते. या युक्त्या त्या वेळेपुरत्या उपयोगी पडतात आणि म्हणूनच घातक असतात. प्रसंग निभावला तर माणसाला वाटते, युक्तीमुळे वाचलो. युक्ती नसती तरी काही बिघडले नसते, हे तो कधी शिकतच नाही. घरी गेल्यावर पुन्हा रात्रभर शवविच्छेदन चालते: मी असे का बोललो, ते तसे का हसले.

आपल्याकडचे समाजजीवन या माणसांसाठी परीक्षांनी भरलेले आहे. लग्नात नवरीला 'नाव घे, नाव घे' म्हणून घेरले जाते, तेव्हा उखाणा पाठ असूनही तिच्या तोंडून फुटत नाही आणि लोक म्हणतात, किती लाजते! पंगतीत समोरची रांग आपल्याकडे पाहत असताना घास घशाखाली उतरत नाही, म्हणून कोणी 'उपास आहे' सांगून सुटका करून घेतो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात ट्रे घेऊन येणाऱ्या मुलीच्या हाताचा कंप आणि समोर बसलेल्या मुलाच्या कपाळावरचा घाम, दोन्हीकडचे लोक कौतुकाने पाहतात. यातले बरेचसे लाजणे साधे असते, चार दिवसांत विसरले जाते. पण तीनदा स्थळ नाकारून 'मला लग्नच नको' म्हणणाऱ्या मुलामुलींत काही जण असे असतात, की त्यांना लग्न हवे असते, फक्त त्या खोलीत बसणे नको असते. गणपतीत मुंबईहून सगळा गोतावळा घरी येतो, घर भरते. तेव्हा शेताच्या कामाचे निमित्त काढून दिवसभर बाहेर राहणारा घरातलाच एखादा मुलगा असतो. आरती झाली की परत येतो.

इथे कोकणातली एक गोष्ट सांगायला हवी, विषय थोडा बाजूला जाईल. आमच्या भागात नमन-खेळे होतात. त्यात संकासूर येतो: काळा पेहराव, उंच टोकदार टोपी, चेहरा झाकलेला, लांब पांढरी दाढी. लोकांना हसवायचे, पोरांच्या मागे धावायचे, काहीही बोलायचे, असे त्याचे काम. वर्गात हजेरीला 'उपस्थित' म्हणतानाही ज्याचा आवाज फुटत नाही, असा एखादा मुलगा सोंग चढवले की शेकडो लोकांसमोर बिनदिक्कत नाचतो. घरचे म्हणतात, 'बघा, तिथं कसा लाजत नाय? म्हणजे ढोंग करतो.' ढोंग नाही. सोंगाखाली त्याला कोणी पाहत नसते; लोक संकासुराला पाहत असतात. शिवाय काय करायचे ते ठरलेले असते, आणि लक्ष स्वतःवर नसून ढोलकीवर असते. भीती ज्यावर चालते ते तिन्ही धागे तिथे तुटलेले असतात. मला या मुलांच्या बाबतीत हे फार आशादायक वाटते, कारण आवाज आहे, धाडस आहे, हे त्यातून सिद्ध होते.

या भीतीचे सर्वांत प्रामाणिक वर्णन मी वाचले आहे ते कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात नव्हे, तर महात्मा गांधींच्या आत्मकथेत. शाळा सुटली की कोणाशी बोलावे लागू नये, कोणी थट्टा करू नये म्हणून ते अक्षरशः घरी पळत सुटत. लंडनमध्ये शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर असताना बैठकांत त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. व्हेंटनर या गावी एका सभेत त्यांनी भाषण लिहून नेले होते, जेमतेम एक फुलस्केप कागद. वाचायला उभे राहिले आणि डोळ्यांपुढे अंधुक झाले, अंग थरथरू लागले. बरोबरच्या मजमुदारांनी ते वाचून दाखवले. १८९१ साली बॅरिस्टर होऊन ते परतले आणि मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात ममीबाई नावाच्या पक्षकाराची पहिली केस त्यांना मिळाली. फी तीस रुपये. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला उभे राहिले, डोके गरगरले, सगळे कोर्टच फिरते आहे असे वाटले, एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, फी परत केली आणि ती केस एकावन्न रुपयांत पटेल नावाच्या वकिलांकडे गेली. पक्षकार जिंकली की हरली हे पाहायलाही ते थांबले नाहीत. दक्षिण आफ्रिकेला जाईपर्यंत ते पुन्हा कोर्टात उभे राहिले नाहीत.

हयात नसलेल्या माणसांना आजारांची लेबले चिकटवणे मला पसंत नाही, म्हणून मी ते करणार नाही. पण डोळ्यांपुढे येणारी अंधारी, शब्द न सुचणे, त्या जागेवरून निघून जाणे आणि नंतर त्या जागेकडे न फिरकणे, हे सगळे मी ओपीडीत ऐकतो त्याच क्रमाने तिथे लिहिलेले आहे. पुढचा भागही तितकाच बोलका आहे. प्रिटोरियात १८९३ साली तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांसमोर त्यांनी भाषण केले, आयुष्यातले पहिले जाहीर भाषण म्हणावे असे. विषय होता व्यापारातील सचोटी आणि हिंदी लोकांची हलाखी. तिथे ते बोलू शकले. कदाचित आपण कसे दिसतो यापेक्षा काय सांगायचे आहे हे मोठे झाले असेल. पण म्हणून भीती संपली का? नाही. २६ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईत सभा होती. फिरोजशहा मेहतांच्या आग्रहावरून भाषण आधीच लिहून छापून घेतलेले होते. गांधीजी वाचू लागले आणि आवाज कापू लागला. त्यांनी कागद केशवराव देशपांड्यांकडे दिले आणि शेवटी श्रोत्यांच्या मागणीवरून दिनशा वाच्छांनी ते भाषण वाचले. म्हणजे प्रिटोरियानंतर तीन वर्षांनी पुन्हा तेच. सुधारणा अशीच होते, चार पावले पुढे, एक मागे. रुग्णांना मी हा मुंबईचा प्रसंग मुद्दाम सांगतो, प्रिटोरियाचा नव्हे.

मात्र पालकांना एक विनंती. 'गांधीजीसुद्धा लाजाळू होते, बघ कुठे पोचले' असे मुलाला सुनावू नका. त्याच्या डोक्यावर आधीच एक ओझे आहे, त्यात महात्मा होण्याचे ओझे वाढवण्यात अर्थ नाही.

उपचाराविना हा आजार आपोआप जाणे तसे दुर्मीळ. मोठेपणी माणूस भीतीच्या भोवती आयुष्य रचून घेतो, त्यामुळे वरवर सगळे ठीक दिसते. किंमत आत मोजली जात असते. तोंडी परीक्षेला न बसल्यामुळे राहिलेली पदविका, मुलाखतीच्या दारातून परत आलेला उमेदवार, हक्काचे पैसे मागायला तोंड न उघडणारी बाई. औदासीन्य बहुधा नंतर येते, आणि दारूही. समारंभाला जाण्याआधी 'जरा धीर यावा म्हणून' घेतलेले दोन घोट बऱ्याच दारूच्या कहाण्यांच्या मुळाशी असतात. व्यसनमुक्तीसाठी आलेल्या माणसाला 'पहिल्यांदा कशासाठी घेतली होती' हे विचारून पाहावे. मजेसाठी, असे सगळेच सांगत नाहीत.

आणखी एक किंमत आहे, तिची चर्चा होत नाही. हे लोक शरीराचे आजारही लपवतात. आमच्या सरकारी दवाखान्यांत सकाळी गर्दी असते. डॉक्टरच्या टेबलाभोवती पाच-सात रुग्ण एकाच वेळी उभे, एकाची नाडी, दुसऱ्याचा रिपोर्ट, तिसऱ्याची चिठ्ठी. अशा घोळक्यात पन्नाशीच्या बाईने 'पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जातंय' किंवा तरुणाने 'शौचातून रक्त पडतं' हे कसे सांगावे? धीट माणूसही कचरतो. ज्याला ही भीती आहे तो 'अंग दुखतं' असे सांगून गोळ्या घेऊन परत जातो, आणि सहा महिन्यांनी येतो तेव्हा वेळ गेलेली असते. टेबलाभोवतीचा हा घोळका हटवायला नवी इमारत लागत नाही. एक पडदा, एक बाक दाराबाहेर आणि 'एकेकाने आत या' म्हणणारा एक माणूस एवढे पुरते. माझे हे मत सहकाऱ्यांना ठाऊक आहे आणि काहींना ते अव्यवहार्य वाटते. मला तसे वाटत नाही.

उपचार आहेत आणि ते चांगले आहेत. मुख्य उपचार बोलण्याचा आहे: कॉग्निटिव्ह बिहेव्हिअर थेरपी. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१३ साली दिलेल्या मार्गदर्शनात तिलाच पहिली पसंती दिली आहे. यात उपदेश नसतो. माणूस आणि समुपदेशक मिळून भीतीची एक शिडी बनवतात, खालच्या पायरीवर सर्वांत सोपे, वर सर्वांत अवघड. एसटीतल्या त्या तरुणाची शिडी अशी होती: आधी तिठ्यावरच्या टपरीवर जाऊन चहा मागायचा, मान वर करून. मग दुकानात वस्तूची किंमत विचारायची आणि न घेता परत यायचे. हे त्याला फार जड गेले, कारण दुकानदार काय म्हणेल! मग गाडीत कंडक्टरशेजारी बसून हळू आवाजात सांगायचे. मग मागच्या सीटवरून. प्रत्येक वेळी आधी लिहायचे, 'काय होईल असे वाटते', आणि नंतर लिहायचे, 'काय झाले'. मागच्या सीटवरून तो पहिल्यांदा ओरडला त्या दिवशी वहीत त्याने आधी लिहिले होते, 'सगळे वळून बघतील.' नंतर लिहिले, 'एक आजी बघितली. तिला पण तिथंच उतरायचं होतं.'

प्रत्येक पायरीवर भीती कमी होईपर्यंत थांबायचे, आणि युक्त्या बाजूला ठेवायच्या. मोबाइल खिशात. मास्क घरी. लक्ष समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर. थेट स्टेजवर ढकलून देणे म्हणजे उपचार नव्हे. पोहायला शिकवण्यासाठी विहिरीत ढकलण्याची पद्धत आपल्याकडे होती; तिने काही जण पोहायला शिकले आणि काहींनी पुन्हा पाण्यात पाय घातला नाही.

त्रास जास्त असेल तर औषधेही देतात. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम या गटातील गोळ्या वापरल्या जातात. त्या झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांची व्यसनासारखी सवय लागत नाही, पण गुण यायला काही आठवडे लागतात आणि मनाने अचानक बंद केल्यास त्रास होतो. भाषण किंवा तोंडी परीक्षा अशा एखाद्याच प्रसंगासाठी प्रोप्रॅनोलॉल ही हृदयाची धडधड आणि हाताचा कंप कमी करणारी गोळी डॉक्टर कधीकधी देतात. दमा असलेल्यांना ती धोक्याची आहे, म्हणून मित्राने दिली म्हणून घेऊ नये. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या चटकन आराम देतात आणि तितक्याच चटकन सवय लावतात. औषधाच्या दुकानातून त्या परस्पर घेणाऱ्यांची सवय सोडवताना फार कष्ट पडतात.

उपचार असूनही लोक पोचत नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली (महाराष्ट्र त्यात नव्हता). नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमीच्या मानसिक आजारांच्या १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ उपचाराविना असल्याचे तिच्यात दिसले. रत्नागिरीकरांना तर सोय जवळ आहे. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्या शहरात आहे. बाकीची ठाणे, पुणे आणि नागपूरला. पण हीच जवळीक अडचणीची ठरते. लहानपणापासून त्या इमारतीवरून चेष्टा ऐकलेली असते, 'तुला तिकडं भरती करायला हवं.' ज्या माणसाचा आजारच 'लोक बघतील' हा आहे, त्याला त्या फाटकातून आत जायला सांगणे म्हणजे शिडीची सर्वांत वरची पायरी पहिल्या दिवशी चढायला सांगणे. म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी असे नाही. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचार ओपीडी असते, केसपेपर इतरांसारखाच. गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगितले तरी पुढची चिठ्ठी मिळते. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तुम्ही काय सांगितले ते डॉक्टर गावात सांगत फिरू शकत नाहीत.

घरच्यांनी काय करावे, असे आई-वडील विचारतात. एक गोष्ट न करणे सर्वांत अवघड असते: त्याच्या वतीने उत्तर देणे. मी मुलाला विचारतो, 'कितवीत आहेस?' आणि आई सांगते, 'नववीत आहे, डॉक्टर.' मी थांबतो. ती पुन्हा सांगते. प्रेमापोटीच. पण दहा सेकंद सगळेच गप्प बसलो, तर मूल बरेचदा बोलते. दुसरे, पाहुण्यांसमोर 'हा बोलतच नाही' अशी ओळख करून देऊ नये. शिक्षकांना सांगण्यासारखे इतकेच, की अशा मुलाला अचानक उभे करू नका आणि कायमचे वगळूही नका. उद्या अमुक धडा वाचायचा आहे असे आदल्या दिवशी सांगा, पहिल्यांदा शेजारच्या मुलाबरोबर जोडीने वाचू द्या. हसणाऱ्यांना आवरा. वर्गात एकदा झालेले हसे काही जण चाळिशीतही तारीखवार सांगतात.

ज्यांना हे वाचताना आपलेच वर्णन वाटले, त्यांच्यासाठी शेवटी एक व्यावहारिक बाब. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र, मराठीतही. पण फोनवर अनोळखी माणसाशी बोलणे हीच पुष्कळांची मोठी भीती असते, हे मला ठाऊक आहे. तेव्हा पहिला फोन घरच्या कोणी लावून दिला तरी चालतो, स्पीकरवर ठेवून नुसते ऐकले तरी चालते. तेही जमत नसेल तर कागदावर लिहा. काय होते, कुठे होते, कधीपासून, काय सोडून दिले. चार-पाच ओळी पुरे, शुद्धलेखनाची पर्वा नको. ओपीडीत केसपेपरखाली ती चिठ्ठी घडी घालून ठेवा आणि डॉक्टरांच्या हातात द्या. काही बोलू नका. अशा चिठ्ठ्या माझ्याकडे येतात. मी त्या वाचतो, खिशात ठेवतो आणि गर्दी ओसरेपर्यंत त्या माणसाला बाहेरच्या बाकावर बसायला सांगतो.